पाय ऐकत नाहीत

"मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो, की माझं काही म्हणजे काही ऐकायचं नाही. मी हात जोडीन, भांडेन, गोड गोड बोलेन. तू जास्तीची गोळी माझ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. दे शब्द."

मास्तरचं हे बोलणं चार वर्षांपूर्वीचं, पण ताईच्या कानात ते काल बोलल्यासारखं ताजं होतं. मास्तर हा तिचा धाकटा भाऊ. कपडे शिवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे, आणि ऐकून ऐकून तीही तेच म्हणू लागली होती. ती स्वतः काजं-बटणं करायची, हात-शिलाई करायची. खाली दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर, आणि दोघंच राहणारी.

स्किझोफ्रेनिया हे नाव त्या घरात अकरा वर्षांपासून होतं. चार वर्षांपूर्वी मास्तर असाच दोन दिवस दारापासून भिंतीपर्यंत चालत राहिला होता. गोळीत काहीतरी कालवलंय म्हणून गोळी घेईना. समोरच्या गच्चीवरून लोक बघतात म्हणून खिडक्या बंद करून बसला. तिसऱ्या दिवशी अनवाणी बाहेर पडला, तो दोन दिवसांनी सापडला. त्यानंतर दीड महिना इस्पितळात. घरी आल्यावर पहिलं काम त्याने केलं ते हे, ताईकडून शब्द घेण्याचं.

आणि ताईचा शब्द म्हणजे शब्द. अंगात ताप असला तरी सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती. दिलेला शब्द तिला त्याच जातीचा वाटायचा. त्यात सवलत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तरला पुन्हा कुजबुज ऐकू येऊ लागली. या वेळी त्याने आपणहून सांगितलं. डॉक्टरबाईंनी रोजची गोळी वाढवली आणि फारच अस्वस्थ वाटलं तर घ्यायची जास्तीची गोळी चिठ्ठीवर पुन्हा लिहून दिली. दिवसाला एक, अगदीच गरज पडली तर दोन. आठ दिवसांत कुजबुज थांबली. ताईने देवाला हात जोडले.

मग मशीन पळायला लागलं.

त्याचं मशीन जुन्या धाटणीचं, पायाने चालवायचं. गुरुवारी द्यायचे कपडे मंगळवारीच तयार व्हायला लागले. नेहमी येणारा बसचा कंडक्टर पँट न्यायला आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, या गाडीला लायसन काढलंय का? मधले स्टॉप घेत नाही तुम्ही."

"तुमच्यासारखं नाही आमचं. तुम्ही स्टॉपवर माणसं उभी ठेवून पुढे जाता," मास्तर म्हणाला, पण पाय थांबले नाहीत.

ताई हसली. मग तिचं लक्ष सुईखाली गेलं. सुईखाली कापडच नव्हतं.

"अरे, कापड कुठाय?"

"नाहीये. दोरापण काढून ठेवलाय," तो मान खाली घालून म्हणाला. "चालू दे गं. पाय चालू असले की बरं वाटतं."

तिने मनाला समजावलं, कामाची सवय आहे, दुसरं काय. पण ते रिकामं मशीन घरघरत राहिलं आणि तिच्या हातातली सुई दोनदा बोटात गेली.

शुक्रवारी दुपारी मशीनचा पट्टा तुटला. दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणाला. दुकान लवकर बंद करून दोघं वर आली. ताईने पाणी तापत ठेवलं, आणि मागून पावलं ऐकू आली. दारापासून भिंतीपर्यंत. भिंतीपासून दारापर्यंत.

ती तडक फडताळापाशी गेली, पाकिटातली गोळी काढली आणि पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ताई, ही ती चाल नाही."

"घे."

"ऐक तरी. तेव्हा मला बसायचंच नव्हतं. आता बसायचंय. बसवत नाही. पाय ऐकत नाहीत. मला वाटतं, ही वाढवलेली गोळीच..."

"तू असंच म्हणशील म्हणून तूच सांगितलं होतंस."

तो क्षणभर थांबला. पाय मात्र जागच्या जागी हलत होते. मग तो हसला, पण ते हसणं बघून तिला रडू आलं. "मीच माझ्या दाराला बाहेरून कडी घालून ठेवली की," तो म्हणाला, आणि त्याने गोळी गिळली.

संध्याकाळी चालणं वाढलं.

शनिवारी तो जेवायलाही बसला नाही. ताट कट्ट्यावर ठेवून, एक घास घेऊन एक फेरी, असं जेवला. ताई डोळ्यांत तेल घालून बघत होती. सकाळी एक गोळी दिली, दुपारी दुसरी. दर वेळी तो काहीतरी समजावू पाहायचा, दर वेळी ती पेला पुढे करायची. त्याचं बोलणं इतकं सरळ होतं की तिला त्याचीच भीती वाटे. आजारातही त्याचं बोलणं सरळच असायचं. माणसं गच्चीवर आहेत हेसुद्धा त्याने तिला किती शांतपणे पटवून दिलं होतं.

"काय होतंय तरी काय तुला?" तिने एकदा विचारलंच.

"दुखत नाही. मुंग्या येत नाहीत. कातडीच्या आतून कुणीतरी सारखं ऊठ, ऊठ म्हणतंय असं..."

"म्हणतंय? कोण म्हणतंय? आवाज येतोय?"

"अगं बाई, आवाज नाही. बोलायची पद्धत आहे ती. आजारी माणसाने नीट बोलूही नये का?"

तिने हसायला हवं होतं, एरवी हसलीही असती. थोड्या वेळाने तो खिडकीपाशी जाऊन झटकन मागे फिरला आणि म्हणाला, "ताई, या खिडकीला कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडे ठेव."

खिडक्या. पुन्हा खिडक्याच.

"कोण येणारे खिडकीतून?"

"कोणी येत नाही. मीच..." तो अर्ध्यावरच थांबला. "जाऊ दे. घाल फक्त."

तिने कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. उद्या तो अनवाणी बाहेर पडेल, हा विचार डोक्यातून जाईना. देवा, मला सांग, यातला माझा भाऊ कोणता आणि आजार कोणता. एवढंच तिचं मागणं होतं. बाहेर पावलं चालूच होती.

रविवारी सकाळी तिने चौथी गोळी दिली. या वेळी तो भांडला नाही, समजावलंही नाही. लहानपणी औषध पिताना करायचा तसं तोंड केलं आणि गिळली. त्याचं ते गप्प राहणंच तिला जास्त लागलं.

भर दुपारी तो चालता चालता मधेच उभा राहिला. तिला वाटलं, देव पावला, थांबला. मग तिने नीट पाहिलं. त्याची मान डावीकडे वळत चालली होती. हळूहळू, कुणी बाहुलीची मान पिरगाळावी तशी. हनुवटी खांद्याला टेकली. डोळे वर गेले आणि वरच राहिले, नुसतं पांढरं दिसू लागलं. जबडा एका बाजूला ओढला गेला.

"ता..." तो म्हणाला. जीभ आत जड होऊन पडली होती. पुढचं अक्षर निघेना.

असं तर आजारातही कधी झालं नव्हतं. ताईने मान सरळ करायचा प्रयत्न केला, ती दगडासारखी होती. तिच्या मनात आलं, संपलं सगळं. आणि पाठोपाठ, जुन्या सवयीने, दुसरं काहीतरी आलं. तिची नजर फडताळातल्या पाकिटाकडे गेली. अजून एक देता येईल.

मास्तरला छत सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. तरी त्याने हाताने टेबल चाचपलं. टेबलावर कंडक्टरच्या कोटाचं, शुक्रवारी दुकानातून वर आणलेलं काळं कापड पसरलेलं होतं, आणि त्यावर आखणीचा खडू. त्याने खडू उचलला. न बघता, कापडावर मापं टाकतो तशा ठाशीव हाताने लिहिलं: गोळीमुळे होतंय. दवाखाना. मग थोडी जागा सोडून, खाली: मी शुद्धीत आहे. घाबरलोय.

ताईने ते वाचलं. अक्षर तेच होतं. चार वर्षांपूर्वी भिंतींवर त्याने जे लिहून ठेवलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. त्यात शब्दाला शब्द लागत नव्हता, आणि त्यात घाबरलोय असं कुठेही नव्हतं. तेव्हा त्याला आपल्याला काही झालंय हेच मान्य नव्हतं. आता मात्र तो तिची मदत मागत होता. शुक्रवारपासून हेच तर मागत होता.

"चल," ती म्हणाली.

गोळ्यांचं पाकीट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्याचा हात, एवढं घेऊन ती जिना उतरली. टॅक्सीत त्याची मान तिच्या खांद्यावर तशीच वाकडी टेकलेली होती. "नीट श्वास घे, मी आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. बघू दे.

तातडीच्या विभागातल्या सिस्टरने पाकीट पाहिलं, चिठ्ठी पाहिली आणि फार काही न विचारता आत हाक मारली. ड्यूटीवरच्या डॉक्टरने दंडात इंजेक्शन दिलं.

"पंधरा-वीस मिनिटं लागतील. मान सुटेल," सिस्टर म्हणाली. "हे दिसतं भयंकर, पण उतरतं."

ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं. तिच्या हातातला त्याचा हात आधी सैल झाला. मग जबडा. मग डोळे खाली आले, आणि त्यांनी पहिल्यांदा तिला शोधलं.

"मान आहे ना जागेवर?" तो जड जिभेने म्हणाला. "नाहीतर कॉलर तिरकी शिवावी लागली असती."

ती तोंडावर पदर धरून रडली.

तासाभराने त्याच्या नेहमीच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी ताईला नव्हे, मास्तरला विचारलं, "बसावंसं वाटत नाही, की बसवत नाही?"

"बसावंसं फार वाटतं. बसवत नाही."

"चाललं की बरं वाटतं?"

"पाऊल पडेपर्यंत."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "हा आजार उलटलेला नाही. रोजची गोळी वाढवली, त्याचा हा दुष्परिणाम. पायांना चैन पडत नाही. मान वळली तीही औषधानेच. आणि जास्तीची गोळी त्याच जातीची, म्हणून त्रास वाढत गेला."

"मी चार दिल्या," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "हा नको म्हणत होता. मी चार दिल्या."

"चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं. कशासाठी द्यायची नाही, ते सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, ताई. आतलं फक्त याला कळतं." मग त्यांनी मास्तरकडे वळून आवाज खाली आणला. "या तीन दिवसांत जीव नकोसा झाला का?"

"झाला," मास्तर म्हणाला. "म्हणून खिडकीला कुलूप घालायला लावलं."

ताईने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. तो हात मग तिथून हलेना.

डॉक्टरबाईंनी रोजची गोळी कमी केली, जास्तीची बंद केली, मान पुन्हा वळू नये म्हणून आणि पायांसाठी दोन औषधं काही दिवसांकरता लिहिली. किल्ली सध्या ताईकडेच राहू द्या म्हणाल्या. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी इथे या. स्वतःचा नंबर चिठ्ठीवर ठळक लिहिला. "रोजची गोळी मात्र मनाने सोडायची नाही. पाय लगेच थांबणार नाहीत, काही दिवस जातील. शंका आली तर आधी याला विचारा, मग मला फोन करा. गोळी त्यानंतर."

"आणि कमी गोळीवर ते आवाज परत आले तर?" ताईने विचारलं.

"येऊ शकतात. म्हणून बुधवारी मला दोघं भेटा."

बाहेर बाकावर ती दोघं चिठ्ठी घेऊन बसली. म्हणजे ताई बसली, मास्तर तिच्यासमोर तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे करत राहिला.

"आता मला गोळीची भीती वाटते," तो म्हणाला. "आणि गोळी नसली तर, त्याचीही."

"मलाही."

"आणि एकट्याने चालायचीही भीती. डोक्यात नको ते येतं चालताना."

"पाय शांत होईपर्यंत तू एकटा चालणार नाहीस. शब्द देते."

"शब्द नको देऊस बाई," तो घाईने म्हणाला. "तू पाळतेस."

त्यावर दोघंही हसली, आणि तिने शब्द दिला.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं. काळ्या कापडावरची खडूची अक्षरं ताईने ओल्या फडक्याने पुसली. अस्तराला टाके घालायला तिने घेतले. मास्तर तिच्या शेजारी दहा मिनिटं बसला असेल. कपाळावर घाम आला, गुडघे हलायला लागले. तो उठला आणि दारातून रस्त्यावर उतरला.

हे पाय औषधाचे की दुसऱ्या कशाचे? तिने दारातूनच विचारलं, "बसायचं होतं ना रे?"

"फार," तो वळून म्हणाला.

तिने सुई अस्तरात टोचून ठेवली, नंबराची चिठ्ठी पिशवीत टाकली, दाराला कडी घातली, आणि त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत चालायला लागली.