वरच्या मजल्याचं पाणी

खाली कुणी नळ बंद केला, की वरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर तीन वर्तुळं उमटत. पहिली दोन बारीक, तिसरं ठसठशीत. त्याच क्षणी भिंतीच्या आतून कुणी हातोडा हाणल्यासारखा ठोका बसे आणि मागोमाग जिन्यापासून न्हाणीघरापर्यंत पाइप थरथरत जाई. एका रविवारी सकाळी सहा ते दहा तृप्तीनं ठोके मोजले. एक्केचाळीस.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिची सवय. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती उगवण तपासायची. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं आणि तेवढंच लिहायचं. घरात मात्र मोजलेल्या गोष्टीला किंमत नव्हती. घरात किंमत होती ती थोरल्याच्या शब्दाला.

थोरला म्हणजे तिचा मोठा दीर भागवत. तो, त्याची बायको बेबीनंदा आणि सासू झुंबरबाई खाली राहत. वर तृप्ती, तिचा नवरा कल्याण आणि सात वर्षांची पायल. घर झुंबरबाईंच्या नावावर होतं आणि नळ दोन्ही मजल्यांना मिळून एकच. त्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येई. ते अंगणाखालच्या हौदात साठवायचं आणि पुढचे आठ दिवस पुरवायचं.

पूर्वी हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढे आणि तिथून आपल्या वजनानं खाली येई. तेव्हा घर मुकं होतं. दोन वर्षांपूर्वी भागवतनं दुकानातून एक पंप आणला. त्याचं ठिबक आणि तुषार सिंचनाचं दुकान होतं आणि कल्याण त्याच्याच हाताखाली शेतोशेती पाइप अंथरत फिरायचा. टाकीचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, असं भागवतचं मत. त्यानं टाकी बाजूला काढली, पंप थेट घरच्या पाइपला जोडला आणि विहिरीवरच्या मोटारीला फोडावा तसा त्याच्यापुढं नारळ फोडला. आता तोटी उघडली की पंप आपोआप सुरू होई आणि तोटी बंद केली की धावतं पाणी जागच्या जागी अडून भिंतीला धडका देई.

तृप्तीनं न्हाणीघरातल्या नळाला दाब मोजायचं मीटर लावून पाहिलं. काटा साडेसहा किलोवर. घराला तीन पुष्कळ झाले. तिनं आकडा कल्याणला सांगितला, कल्याणनं भावाला सांगितला. भागवत म्हणाला, की साडेसहा किलोवर टेंभुर्णीत तुषारचे फवारे अर्ध्या शेतावर जातात, आणि इथं एका बाईला अंघोळ जमेना.

हे तो तिला म्हणाला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण भागवत तिच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता, आणि ती त्याच्याशी. थोरल्या दिरानं धाकट्याच्या बायकोशी बोलायचं नाही, ही त्यांच्या कुंभार पिंपळगावची रीत. गाव सुटून वीस वर्षं झाली तरी झुंबरबाईंनी ती सोडली नव्हती. तो दारात आला की तृप्तीनं आत जायचं. त्याला काही सुनवायचं असेल तर तो कल्याणला किंवा आईला सुनवी, तेही ती ऐकत असताना. भांडण असलं की ही रीत फार सोयीची होई. उलट उत्तर द्यायला समोर माणूसच नसे.

तृप्तीला एकच गोष्ट हवी होती. वरच्या मजल्याला स्वतःचा नळ, स्वतःची टाकी. अर्ज तिनं चौदा महिन्यांपूर्वीच भरून ठेवला होता. त्यावर घरमालकाची सही लागे, म्हणजे झुंबरबाईंची. दर महिन्याला ती कागद घेऊन खाली जाई आणि सासूबाई नजर न उचलता म्हणत, "बघू." त्या सही करणार नाहीत आणि नाहीही म्हणणार नाहीत, हे तिला कळून चुकलं होतं. एका घराला दोन नळ म्हणजे दोन घरं. झुंबरबाईच्या जिवंतपणी तिचं घर फुटलं, असं पिंपळगावात म्हणतील. त्यापेक्षा ठोके बरे. भिंतीतला तो पाइप त्यांच्याच उशाशी होता आणि त्या कानात कापूस घालून झोपत. विचारलं की म्हणत, मला तर काही ऐकू येत नाही. बेबीनंदा मग हसून सासूकडं बघत म्हणे, "हौ ना. शिकलेल्या कानालाच येतंय ऐकू."

शेवटी तृप्तीनं स्वतःच हात घातला. एका मंगळवारी, भागवत आणि कल्याण टेंभुर्णीला कामावर असताना, तिनं पाशामियाँला बोलावलं. घर बांधलं तेव्हाचं सगळं नळकाम त्यांचंच. जिन्याजवळ, वरच्या मजल्याचा पाइप वेगळा निघतो तिथं, त्यांनी दाब कमी करणारा पितळी वॉल्व्ह बसवला. वरचा काटा तीनवर आला. नऊ दिवस वरचा मजला शांत होता. पायल नळाशी उभी राहून, कानावर हात न ठेवता, दात घासू लागली.

दहाव्या दिवशी भागवतच्या नजरेस तो वॉल्व्ह पडला. त्याचं अर्धं आयुष्य ठिबकच्या नळ्यांतला गाळ, शेवाळ आणि मुंग्यांची माती काढण्यात गेलं होतं. पाइप जिथं बारीक होतो तिथं कचरा अडकतो, आणि कचरा अडकला की पीक वाळतं, एवढंच त्याला ठाऊक. वॉल्व्ह खोलून आतलं अरुंद भोक त्यानं बेबीनंदाला दाखवलं, वॉल्व्ह भंगारात टाकला आणि जागेवर सरळ तुकडा जोडला. वर ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाला, की कुणीतरी लाईन चोक करून ठेवली होती, मोकळी केली. त्या दिवशी पंपाचा दाबही त्यानं वाढवला. कल्याण जिन्यात उभा राहून ऐकत होता. वर आल्यावर म्हणाला, "मी बोलतो दादाशी." हे तो दोन वर्षं म्हणत होता.

पुढच्या रविवारी सगळे मिळून कुंभार पिंपळगावला एका लग्नाला गेले. दुपारी चारला परतले तेव्हा जिन्यावरून पाणी उतरत होतं. वरच्या ओट्याखालचा लवचिक पाइप सांध्यापाशी फुटला होता. पाणी बाहेर येतंय म्हणून पंप चालू राहिला, आणि पंप चालू म्हणून पाणी येत राहिलं. हौद कोरडा झाल्यावर पंप रिकामाच फिरला आणि जळून बंद पडला. झुंबरबाईंच्या खोलीचं छत ठिबकत होतं, खाली गादी भिजून फुगली होती. भागवतनं हौदाचं झाकण उघडलं. तळाशी हातभर गाळ. परवाच हौद भरला होता. नळाला पुन्हा पाणी यायला सहा दिवस होते.

कल्याणनं पाशामियाँला फोन केला. ते आले, फुटका तुकडा त्यांनी फिरवून पाहिला. घरातले सगळे अंगणात उभे होते. तृप्ती जिन्याच्या दारात, रीतीप्रमाणे एक पाऊल आत.

भागवत भिंतीकडं बघत बोलला. "कल्याण, तुझ्या बायकोला सांग. लाईनीत नसती चीज घातली, तिच्यानं सांधे ढिले झाले. दोन हजार एकरावर ठिबक टाकलं मी. एक सांधा फुटला न्हाई. इथं फुटला."

"बराबर हाय दादा, पण..." कल्याण म्हणाला, आणि ते ‘पण’ तिथंच राहिलं.

पाशामियाँ पाने-पकडी पिशवीत भरता भरता म्हणाले, की वॉल्व्हचा यात काही कसूर नाही. तो होता तोवर वर काही फुटलं नव्हतं. हे शेताचं प्रेशर आहे, घराचं नाही.

"मियाँ, बायकांचं ऐकून चोरून काम करून राह्यले तुम्ही," भागवत म्हणाला. "पुन्हा या दारात यायचं न्हाई."

पाशामियाँनी पिशवी खांद्याला लावली. "न्हाई येत. घर तुमचं, पंप तुमचा. वर लेकरू अंघोळ करतं, तेवढं ध्यानात ठेवा." आणि ते फाटक उघडून निघून गेले.

तृप्तीनं कल्याणकडं पाहिलं. तो हौदात बघत होता, जणू पाणी त्याच्या बघण्यानं वर येणार होतं. तिनं मनात साठपर्यंत आकडे मोजले. पूर्ण एक मिनिट. मग ती उंबरा ओलांडून अंगणात आली आणि भागवतच्या समोर, भिंत आणि तो यांच्यामध्ये, उभी राहिली.

"दादा, मी तुमच्याशी बोलतेय. भिंतीशी नका बोलू."

बेबीनंदाच्या हातातलं पिळायला घेतलेलं लुगडं तसंच राहिलं.

"तो कचरा नव्हता," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेत आकडा सांगावा तसाच होता. "जोर कमी करायला ते भोक बारीकच असतं. तुम्हाला कळलं नाही आणि तुम्ही विचारलंही नाही. वॉल्व्ह काढलात, शिवाय पंपाचा दाब वाढवलात. चूक तुमची आहे."

भागवत आईकडं वळला. "आई, ऐकून राह्यली ना? माझ्या तोंडावर? सांग हिला काय ते."

कल्याण पुटपुटला, "तृप्ती, आत जा." ती हलली नाही.

झुंबरबाई पायरीवर बसल्या होत्या. भिजक्या गादीचा वास त्यांच्या पदराला लागला होता. त्यांनी आधी थोरल्याकडं पाहिलं, मग धाकट्याकडं, बराच वेळ. एकाला बोलणं थांबवता येत नव्हतं आणि एकाला बोलता येत नव्हतं. सर्वांत शेवटी त्यांनी सुनेकडं पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती.

"थोरल्या दिराला तोंडावर बोलली तू," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं धरून ठेवलेलं एका मिनिटात मोडलं. मंग आता एका घराचं सोंग कुणापायी करायचं?"

"आत्याबाई, मी खरं तेच..."

"खरं असंल. मला नको ते." झुंबरबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. "भागवत, तूबी गप. तृप्ती, आण तुझा तो नळाचा कागद. करते सही. नळ वेगळा, चूल वेगळी, अन् जिना बाहेरून काढा. आजपासून दोन घरं."