हनुवटी छातीला लागली तरी

"दोघीही नुसत्या शोभेच्या!" सासूबाई तबावा भिंतीपलीकडच्या शेजारणीला सांगत होत्या. त्यातली एक मी, फुलाफुलांची इनॅमलची खोल परात बोलतेय. दुसरी माझी मालकीण, नवी नवरी लाराबा.

वाळवंटाच्या कडेच्या आमच्या झिंदर शहरात नवरीबरोबर परातींची उतरंड येते, थेट छताला टेकेल अशी. पाहुण्यांनी बघायचं आणि नाक मुरडायचं. आम्हा परातींत भात कोणी वाढत नाही.

माझं नशीब वेगळं निघालं. नणंद डेलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली आणि घरातलं जुनं घमेलं गळकं निघालं. बाळाच्या अंघोळीसाठी मला खाली काढलं.

धुळीचे गरम वारे सुटले की इथं मेंदूज्वराची धास्ती. सासूबाईंची परीक्षा एकच: "हनुवटी छातीला लाव!" लागली तर ताप साधा, मान ताठली तर दवाखाना. घरात सगळे वाकून झालेत. परवा बोकड शिंकला, तर त्याचीही मान धरली. त्यानं शिंग मारलं, म्हणजे पास.

आज बाळ तापलं. माझ्या पाण्यात नुसतं कण्हत पडलं. सासूबाईंनी मान वाकवली, ती लोण्यासारखी वाकली.

"बघ, काही नाही! टाळूपण कशी भरून आलीय. दूध चांगलं अंगी लागतंय पोरीला."

"आई, सकाळपासून ती पीतच नाहीये गं," डेलू रडकुंडीला आली.

"नखरे! तुझेही असेच होते."

बाळाचं डोकं लाराबानं धरलं होतं; तिचा अंगठा त्या टाळूवर होता. तो थबकलेला मला पाण्यातून दिसला. मागे नर्सबाई अंगणात सांगत होती, तेव्हा ही पडद्याआड होती: मोठ्या पोरांना, तरण्यांना, म्हाताऱ्यांना हा ताप देणारे जंतू वेगळे; अंगातली ताकद गेलेल्यांना बुरशीसुद्धा गाठते, हळूहळू डोकं ठणकवत. तान्ह्यांचे जंतू आणखी वेगळे, पुष्कळदा आईकडूनच जन्मताना आलेले. आणि तान्ह्याची मान ताठेलच असं नाही; टाळू फुगली, दूध तोडलं, की थेट दवाखाना गाठायचा.

नव्या सुनेनं सासूसमोर तोंड उघडायचं नसतं. ही तर जेवण हवं-नको तेही पापण्यांनी सांगायची. तिनं बाळाला उचललं, पुसलं, छातीशी धरलं. माझं पाणी हिंदकळून सासूबाईंच्या पायांवर सांडलं.

"अगं, वेंधळे!"

"मान राहू द्या, आई," लाराबा म्हणाली. "टाळू फुगलीय, हात लावून बघा. पोर दूध ओढत नाही. मी दवाखान्यात निघाले. डेलू, चल. आई, तुम्ही येताय, की मला रागवायला इथंच थांबताय?"