पक्की शिवण

जग कुठे चाललंय हे कळायला शिवणमावशीला वर्तमानपत्र लागत नसे. बायका कापड घेऊन येत, आणि त्या काय मागतात यावरूनच तिला बातमी लागे. ती तरुण होती तेव्हा पाठीवर बारा-बारा बटणं असत, म्हणजे दुसऱ्या कुणी लावून दिल्याशिवाय बाईला धड कपडेही घालता येऊ नयेत अशी चोख व्यवस्था. मग मुली शिकायला बाहेर पडल्या, सकाळी लवकर तयार व्हायची वेळ आली आणि बटणं मुकाट्याने पुढे आली. पुढारी सभांमधून सांगत की स्त्रीला आम्ही पुढे आणलं. मावशी म्हणे, आधी बटणं आली, तुम्ही मागून आलात.

लढाई सुरू झाली तशी कापडाची टंचाई आली, स्कर्ट घोट्यांवरून वर सरकले, बाह्या आखूड झाल्या. गल्लीतले पुरुष सैन्यात गेले आणि त्यांच्या बायका-मुली गिरणीत यंत्रांवर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी बायका खिसे मागायला लागल्या. आजवर बाईच्या कपड्याला खिसा लावायचा म्हणजे शोभेचा, रुमालाचं टोक दिसण्यापुरता. आता त्या सांगत, खोल लाव, किल्ली राहिली पाहिजे. घराला कुलूप लावून निघणारी आता तीच होती ना.

मावशीचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरची एक खोली. पायाने चालवायचं मशीन, कापायचं टेबल, माप घ्यायला पडदा आणि एक उभा आरसा. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गर्व करायला तिच्याजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिची शिवण. दुहेरी टीप, वरून हाताचा टाका. कापड विरेल पण शिवण उसवणार नाही, असं ती छातीठोकपणे सांगे. गिऱ्हाइकं थट्टेने म्हणत की मावशी स्वतःच्याच पोटावर पाय देते, दुरुस्तीला कधी काही येतच नाही.

म्हणूनच गिरणीच्या साहेबांनी तिला बोलावलं. आखूड स्कर्टातल्या पोरी यंत्रांवर वाकतात हे गावातल्या थोरामोठ्यांना रुचत नव्हतं. पोरींनी राबावं याला त्यांची हरकत नव्हती, फक्त राबताना घरंदाज दिसावं. तेव्हा कचेरीने नमुना ठरवला. गडद निळा स्कर्ट, घोट्यापर्यंत लांब, भरपूर चुण्या, तीन मीटरचा घेर. बाजारात कापड नव्हतं, पण घरंदाजपणासाठी ते कुठून तरी निघालं. चाळीस स्कर्ट शिवायचे होते. एवढं मोठं काम मावशीला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि ती हरखून गेली.

निळे तागे दुकानात आले त्याच आठवड्यात शेजारच्या इस्त्रीवालीची थोरली आली. वीस वर्षांची, चटपटीत पोर. बाप लढाईवर, त्याचं पत्र येऊन सात महिने झालेले. बापाची जुनी पँट तिने टेबलावर ठेवली आणि मला ही बारीक करून द्या म्हणाली. यंत्राच्या चाकांवरून पट्टा फिरतो, आणि जवळून जाणारं सैल कापड तो खेचून घेतो. मागच्या महिन्यात तिच्या शेजारच्या यंत्रावरच्या पोरीचा स्कर्ट असाच अडकला. घरी शिवलेला, कंबरेशी टर्रकन फाटला, आणि पोरगी नुसत्या परकरात पळत सुटली. सगळी गिरणी आठ दिवस हसत होती. ऐकून मावशीलाही हसू आलं.

पण पँट शिवायला तिने नकार दिला. नमुना सोडून शिवलेलं दिसलं तर हातचं काम जाईल अशी भीती होती. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, हेही होतं. आणि खरं सांगायचं तर बाईच्या अंगावर पँट तिला बघवतच नसे.

"कशी दिसेल ती, कधी आरशात बघितलंयस?" मावशीने विचारलं.

"मशीन कुठे बघतंय मावशी, कशी दिसते ते?"

निदान घेर तरी कमी करा, असं थोरलीने विनवलं. मावशीने कचेरीचा नमुना दाखवला आणि पँट घडी करून तिच्या हातात परत दिली. थोरली रागावली नाही. माझा स्कर्ट तरी नीट शिवा, एवढं म्हणाली. मावशीने तो सगळ्यांत नीट शिवला, कंबरपट्टीला तिसरी टीप मारली. शेजारची पोर, म्हणून.

पुढच्या महिन्यात एका सकाळी गिरणीचा भोंगा अवेळी वाजला. दुपारी यंत्रदुरुस्तीवाला मिस्त्री दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. साधा माणूस. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. थोरलीच्या स्कर्टाचा काठ पट्ट्यात गेला. तिने चाकाच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं, बाकीच्या पोरींनी तिला धरलं. पट्टा थांबवायचा दांडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

"दुसरा कुठला स्कर्ट असता तर फाटला असता आणि सुटली असती हो," तो म्हणाला. "आम्ही सगळे ओढत होतो. पण तुमची शिवण काही उसवली नाही."

त्याच्या बोलण्यात दोष नव्हता, उलट नवलच होतं. मावशी हो का, म्हणाली. तो गेल्यावर ती मशीनसमोर बसून राहिली, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत राहिली, की ती तिसरी टीप कुणी सांगितली नव्हती.

थोरलीला पोचवून दहा दिवस झाले आणि इस्त्रीवाली आली. हातात धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला निळा स्कर्ट. साहेबांनी मोठ्या मनाने थोरलीची जागा धाकटीला दिली होती. सोमवारपासून जायचं होतं. धाकटी सोळा वर्षांची, अंगाने किरकोळ, आईच्या मागे उभी.

"कंबरेत तेवढा लहान करून द्या, ताई," इस्त्रीवाली म्हणाली. "कापड चांगलं आहे. काठ जरासा काळा झालाय, तो आत दुमडा. बाकी कुठे धागासुद्धा सुटलेला नाही."

मावशीने स्कर्ट घेतला आणि तो कापून त्याची पँट शिवली. कुणाला न विचारता, दोन दिवसांत, दार लावून. सोमवारी धाकटी ती घालून गेली आणि तासाभरात परत आली. फाटकावर रखवालदाराने हसून घेतलं, कचेरीतल्या कारकुनाने उद्या नमुन्याप्रमाणे ये नाहीतर येऊच नकोस असं बजावलं. संध्याकाळी इस्त्रीवाली दुकानात आली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं असं मावशीला वाटलं.

"थोरलीच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात. आता मी मागितली नव्हती तर दिलीत. जागेसाठी दहाजणी टपल्यात, ताई. हिला स्कर्ट शिवून द्या."

मावशीने उरलेल्या ताग्यातून नवा स्कर्ट कापला. घेर तीन मीटर, चुण्या नमुन्याबरहुकूम. फक्त कंबरपट्टी तिने मशीनवर शिवली नाही. विरलेला दोरा घेतला आणि हाताने नुसता धावदोरा घातला, माप बघताना घालतात तसा, झटका बसला की सुटेल असा. चाळीस वर्षांत असलं काम तिच्या हातून गेलं नव्हतं. ते करताना बोटं अडखळत होती. धाकटीला तिने पडद्यामागे नेऊन सांगितलं, की ओढ बसली की पळायचं, परकर दिसला तर दिसू दे, कपड्याकडे वळूनसुद्धा बघायचं नाही.

मग तिने बाकीचे स्कर्टही चुण्या नीट करायच्या आहेत असं सांगून परत मागवले आणि एकूणएक उसवून तसेच कच्चे केले. पहिल्या महिन्यात अकरा स्कर्ट सुटले. त्यातले तीन पट्ट्याने नेले. त्या तिघींत धाकटी होती. ती परकरात पळाली आणि वाचली. बाकीचे ओझं उचलताना सुटले, जिन्यात सुटले, एक तर बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या देखत सुटला. साहेबांनी मावशीला उभं करून जाब विचारला. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळे स्कर्ट पक्के शिवून घेतले असते. तेव्हा ती म्हणाली, वय झालं, डोळ्यांना दिसत नाही.

खोटंही काही उपयोगी पडलं नाही. काम मोठ्या दुकानाकडे गेलं. तिथे विजेची मशीनं होती, टीप बारीक आणि पक्की होती. धाकटी आणि तिच्या दोन-चार मैत्रिणी ते नवे स्कर्ट गुपचूप मावशीकडून सैल करून नेत. सगळ्याजणी येत नव्हत्या. सुटणाऱ्या स्कर्टापायी हसं झालेल्या पोरी पुन्हा त्या वाटेला कशाला जातील? पुढच्या दोन वर्षांत एकीचा पाय गेला आणि एक जिवानिशी गेली. इकडे गल्लीत मावशीची शिवण कच्ची असते हे सर्वतोमुखी झालं, आणि ती चादरींना काठ घालून पोट भरू लागली.

लढाई संपली. पुरुष परतले, सगळे नाही, इस्त्रीवालीचा नवरा नाहीच. परतलेल्यांना यंत्रं हवी होती, म्हणून बायकांना मोकळं केलं गेलं. कापड मुबलक झालं आणि फॅशन आली ती पुन्हा भल्यामोठ्या घेराची, चिमटलेल्या कंबरेची. खिसे गेले. ज्या थोड्याजणी गिरणीत टिकल्या, त्यांना एक दिवस पँट घालायचा हुकूम निघाला, कारण नव्या यंत्रांचा विमा उतरवणाऱ्यांनी तशी अट घातली होती. वरातीमागून घोडं. धाकटीने ती पँट बाजारातून घेतली. मावशीला तिने काही विचारलं नाही.

आणखी सहा-सात वर्षांनी साहेबांची बायको मावशीच्या दुकानात आली. हातात मासिक होतं आणि त्यात पँट घातलेल्या बायकांची रंगीत चित्रं. मोठ्या शहरांत म्हणे आता हेच चालतं. मोठ्या दुकानात कापणारे सगळे पुरुष, आणि पँटचं माप घ्यायचं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहणं आलं, म्हणून ती इथे आली होती. कापड उंची होतं. मावशीने नीट शिवलं.

माप बघायच्या दिवशी ती आरशासमोर उभी राहिली, एक पाय उचलून स्टुलावर ठेवला, पुन्हा खाली घेतला, खोलीभर चालून आली. चेहरा अगदी शाळकरी पोरीसारखा उजळला होता.

"किती मोकळं वाटतं हो," ती म्हणाली. "एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं कुणा बाईला सुचली कशी नाही?"

मावशी गुडघ्यांवर बसून खालची दुमड टाचत होती.

"सुचली होती."

"कुणाला?"

"तुमच्या गिरणीतल्या एका पोरीला. माझ्याकडेच आली होती."

"अरे वा. मग?"

"मी शिवून दिली नाही."

का नाही दिली, असं ती विचारेल म्हणून मावशी थांबली. चौदा वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि आज विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. बाईसाहेब आरशात पाठमोऱ्या होऊन बघत होत्या. डावा पाय जरा लांब वाटतो का, असं त्यांनी विचारलं. मावशीने टाचणी काढली आणि डावा पाय पुन्हा मोजायला घेतला.