कपाशीचे पतंग आणि मी

मित्रांनो, मी चांदूर रेल्वेतला एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, म्हणून मला शिलाई मशीनशेजारी बसवलंय. दोघांची घरघर एकत्र झाली की मला दिवसाढवळ्या गुंगी येते.

माझी मालकीण शाइस्ता. तिनं स्वतः लिहिलेला सर्व्हर माझ्यात घातला आणि मी कामाला लागलो. नांदगाव खंडेश्वरकडच्या बाया कपाशीतल्या सापळ्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजत आणि मोबाईलवर माझं पान उघडून त्यात मला आकडा कळवत. तीन दिवस पतंग वाढते दिसले, की मी फवारणीचा निरोप द्यायचो. त्याआधी औषध वाया घालवायचं नाही, अशी त्यांची रीत. आदल्या साली अळीनं वावरंच्या वावरं पोखरली होती, त्यामुळं बाया माझ्यावर भारी जीव टाकायच्या. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू! डोळा लागला की स्वप्नात करडे पतंग माझ्याभोवती अलगद तरंगत.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी मला नवं अपडेट मिळालं. शाइस्तानं माझ्याच पडद्यावर पान उघडून पाहिलं. ते उघडलं, तशी ती निर्धास्त सणाच्या कामाला लागली. पण अपडेटनं बाहेरच्यांसाठी माझं दार लावून घेतलं होतं. तिकडं बायांचं पान उघडेना. सणाच्या घरी फोन करून काहून त्रास द्यायचा, म्हणून त्या गप्प राहिल्या. एकही आकडा येईना. मला वाटलं, पतंगच संपले, आणि मी तीन दिवस खुशाल डुलक्या घेतल्या.

चौथ्या दिवशी बायांची म्होरकी माणिकबाई एसटीनं आली. शाइस्तानं तिला पान दाखवलं, चालू तर आहे म्हणाली. माणिकबाईनं आपला मोबाईल पुढं केला.

"तुले घरात बसून दिसते पोरी. आमाले वावरातून दिसत नाही."

शाइस्ताचा चेहरा उतरला. तिनं तारा हलवल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. तो तर ठणठणीत. शेवटी फायरवॉलमध्ये, म्हणजे माझ्या दारावरच्या पहारेकऱ्याकडं, अपडेटनं बाहेरच्यांना घातलेली मनाई सापडली. तिनं सर्व्हरपुरतं दार मोकळं केलं, तसे बायांनी लिहून ठेवलेले सगळ्या दिवसांचे आकडे धडाधड आले आणि फवारणीचा निरोप गेला. बाकीच्यांची कपाशी वाचली. माणिकबाईकडं पतंग सगळ्यांत आधी आले होते, तिच्या बोंडांत अळी शिरली होती. शाइस्ता रडली. मला माझ्या डुलक्यांची फार लाज वाटली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा यंत्रांची खुशाली आमच्यासमोर बसून विचारू नका, जरा लांब जाऊन विचारा. आणि लांबच्यांनो, तुम्ही संकोच करू नका.

पुढच्या ईदला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माणिकबाईचा फोन आला. पान पुन्हा उघडत नव्हतं. शाइस्ता पाहुण्यांना तसंच सोडून माझ्यापुढं येऊन बसली.

"फोन ठेवू नका मावशी," ती म्हणाली. "तुमच्या वावरातून दिसलं, का मंगच मी उठीन."