कल्ले दाखवा आधी

सौदीतल्या तबूक शहराच्या बाहेर, गव्हाच्या शेतांमध्ये, फहादचं एक तळं आहे. शेताच्या पाण्यासाठी खोदलेलं, खाली काळं प्लास्टिक अंथरलेलं, शाळेच्या मैदानाएवढं. फहाद अमेरिकेत शिकायला होता. तिथून तो एक पदवी आणि मासे धरायचं वेड घेऊन आला. पदवी भिंतीवर टांगली आणि वेड तळ्यात सोडलं. बास नावाचे, हे एवढं तोंड असलेले मासे कुठूनकुठून मागवून त्याने वाढवले. नियम एकच होता. मासा धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. खायचा नाही.

पंप सांभाळणाऱ्या नसरुद्दीनला हा नियम पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना. दाभोळच्या खाडीकाठच्या माणसाला धरलेला मासा परत सोडायला सांगणं म्हणजे ताटातली भाकरी परत पिठाच्या डब्यात घालायला सांगणं. पण मालकाचं तळं, मालकाचे मासे. आपल्याला काय!

पहिल्या वर्षी मासे वेड्यासारखे गळाला लागले. मग शहाणे झाले. प्रत्येकाच्या ओठाला कधी ना कधी गळ टोचलेला होता. आता आमिष टाकलं की मागे मागे यायचे, अगदी काठापर्यंत, नीट न्याहाळायचे आणि नाक मुरडून वळायचे. फहाद कंटाळला. एके दिवशी त्याने नकली आमिषांचा आपला डबाच नसरुद्दीनच्या हातात ठेवला. "तू समुद्राचा माणूस. यातलं काय चालतं ते तू शोध," म्हणाला. खरं तर त्याला माशांची एवढी पडली नव्हती. नसरुद्दीनची बायको नुकतीच गेली होती. माणसाचं मन कशात तरी रमावं, एवढाच त्याचा भाबडा हेतू होता.

शरफुन्निसा गेली ती सकाळी, गावी, कपडे वाळत घालताना. दुपारच्या असरच्या नमाजानंतर तिला दफनही केलं. तसंच असतं, मयत ठेवून घेत नाहीत. इकडे कागद, तिकीट, विमान म्हणेपर्यंत तिकडे माती पडून गेली होती. एका पुतण्याने मोबाइल धरून जनाजा दाखवला. नसरुद्दीनला दिसले ते लोकांचे पाय आणि धूळ. मग रेंज गेली. तो उठला आणि पंपाचा वॉल्व्ह बंद करायला गेला, कारण वॉल्व्ह बंद करायची वेळ झाली होती.

तेव्हापासून त्याला काही वाटलंच नाही. जेवायचा, झोपायचा, नमाजाला उभा राहायचा. कामगारांच्या कॅम्पातले लोक म्हणाले, नसरुद्दीनला अल्लाहने केवढा सब्र दिलाय! लोकांना काय, जीभ उचलून टाळूला लावायची. सब्र कसला आलाय? सब्र करायला आधी दुखावं लागतं. दात काढण्याआधी भुलीची सुई घेतल्यावर गाल जसा आपला नसतो, तसा तो अख्खा माणूस झाला होता, आणि हे त्याला स्वतःला कळत होतं. लेकीने, तस्नीमने, फोनवर विचारलं होतं, "अब्बा, तुम्ही रडलात का?" तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाही गो," म्हणाला. त्यानंतर तस्नीमने त्याला फोन केला नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो डबा घेऊन तळ्यावर बसला होता तेव्हा यूनुस आला. यूनुस शरफुन्निसाचा धाकटा भाऊ, याच शेतावर ट्रक चालवतो. बहिणीसाठी तो ढसाढसा रडला होता, आणि मेव्हण्याचे कोरडे डोळे त्याला सहन होत नव्हते.

"दुल्हाभाय, आपाचा चाळीसावा दिवस आला. तिकीट काढायचं की नाही ते आज सांगा."

नसरुद्दीनने डब्यातलं चमच्याच्या आकाराचं सोनेरी आमिष काढून दोरीला बांधलं. "जाऊन काय करू?"

"काय करू? तस्नीम आहे तिथे! तिने निरोप दिलाय. अब्बा चाळीसाव्याला आले नाहीत तर ती घराला कुलूप लावून मुंब्र्याला खालाकडे जाणार. कायमची. मग तुम्ही या नाहीतर नका येऊ, असं म्हणाली."

"बघतो."

चमचा चमकत पाण्यात पडला. नसरुद्दीनने भराभर रिळावर दोरी गुंडाळली. खाडीच्या तोंडाशी गळ टाकून गरवायला बसलेला माणूस असाच ओढतो, कारण समुद्रातला मासा पळत्या चकाकीच्या मागे लागतो. इथे एक मोठा काळसर मासा निवांत मागून आला, काठापाशी थबकला आणि वळला. मग नसरुद्दीनने पोटात मणी वाजणारा प्लास्टिकचा रंगीत मासा टाकला. त्याच्या आवाजाने होते तेही पांगले. मग हिरवा रबरी बेडूक. त्याच्याकडे कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

"समुद्र नाही हा," यूनुस करवादला. "पाणी काचेसारखं. त्यांना सगळं दिसतंय. कशाला नाचवताय एवढं?"

डब्याच्या तळाशी मातकट रंगाचं एक रबरी गांडूळ उरलं होतं. ना चकाकी, ना आवाज, ना वजन. नसरुद्दीनने ते मधोमध गळात ओवलं आणि टाकलं. दोन्ही टोकं लोंबकळत ते हळूहळू तळाला गेलं. आता ओढायचं, तेवढ्यात यूनुस खाली बसला आणि वेगळ्याच आवाजात बोलू लागला.

"आपाचा मोबाइल तस्नीमने बंद नाही केला. रोज चार्ज करते. शुक्रवारी उशाशी घेऊन बसते. मी विचारलं, कशाला गो? तर म्हणे, शुक्रवारी अब्बांचा फोन यायचा."

नसरुद्दीनचा हात रिळावरच राहिला. शुक्रवारचा फोन. वर्षानुवर्षं तो शुक्रवारी तबूकच्या बाजारातून मासा घ्यायचा आणि शिजवण्याआधी व्हिडिओवर बायकोला दाखवायचा. शरफुन्निसाचा सौदीतल्या माशावर काडीचा विश्वास नव्हता. सलामला उत्तर देण्याच्या आधी ती म्हणायची, "कल्ले दाखवा आधी." मग तो अंगठ्याने कल्ला उचलून धरायचा. लाल असला तर संसाराच्या बाकीच्या गोष्टी निघायच्या. फिक्का असला तर त्या दिवशी फक्त भांडण. त्यांचा निम्मा संसार त्या कल्ल्याआडून झाला होता.

तो ओढायचं विसरून गेला. दोरी सैल पडून राहिली. गांडूळ तळाशी नुसतं पडलं होतं, काही न करता, आणि तळ्यातल्या त्या नाठाळ माशांना बहुधा हेच हवं होतं. दोरी हलकेच एका बाजूला सरकू लागली.

"दुल्हाभाय! दोरी!"

हाताने आपलं काम केलं. थोडी ओढाताण झाली, पाणी उसळलं, आणि मघाचाच तो काळसर धूड मासा काठावर येऊन शेपटी आपटू लागला. नसरुद्दीनने त्याला खालच्या ओठाला धरून उचललं. शुक्रवार होता, हातात मासा होता. त्याने दुसऱ्या हाताने खिशातला मोबाइल काढला आणि बोटाने नेहमीचं नाव दाबलं. यूनुस आ वासून बघत राहिला. काय केलं हे नसरुद्दीनला कळलं तेव्हा तिकडे रिंग वाजत होती, आणि बंद करावं म्हणेपर्यंत फोन उचललाही गेला.

पडद्यावर तस्नीम होती. मागे स्वयंपाकघर, आईची ओढणी खांद्यावर. तिने बापाकडे बघितलं, मग माशाकडे.

"कल्ले दाखवा आधी," तस्नीम म्हणाली.

हातातला मासा जिवंत होता, तोंड उघडझाप करत होता. त्याच्या ताजेपणाची परीक्षा कसली करायची? पण नसरुद्दीनने मोबाइल यूनुसच्या हातात दिला आणि अंगठ्याने कल्ला हलकेच उचलून धरला. आत लालभडक होतं.

"ताजा आहे," तस्नीम म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

"कालवण करू का तळू?" नसरुद्दीनने विचारलं. हा प्रश्नही नेहमीचाच. पण तो अर्ध्यावरच चिरकला आणि पुढे शब्दांऐवजी भलताच आवाज बाहेर पडला. शरफू गेली. कल्ले बघणारी गेली. आज पहिल्यांदा ते त्याला खरोखर दुखलं, आणि पन्नाशीचा तो बाप्या मालकाच्या तळ्यावर पोरासारखा हमसून रडू लागला. तस्नीमही तिकडे रडत होती. तिने तोंड फिरवलं नाही आणि फोनही ठेवला नाही.

यूनुसने मोबाइल तसाच समोर आमिषांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मासा नसरुद्दीनकडून घेतला. गळ काढला, वाकून माशाला पाण्यात धरलं. क्षणभर मासा तिथेच थांबला, मग खोल पाण्यात निघून गेला.

"अब्बा, कुलूप नाही लावत मी," तस्नीम नाक ओढत म्हणाली. "तुम्ही या. कालवण की तळलेला, ते इथे ठरवू."

नसरुद्दीनने बाहीने तोंड पुसलं. हाताला माशाचा वास येत होता.

"यूनुस," तो म्हणाला, "तिकीट काढ."