छापून मारलेला माणूस

मी माझ्या सख्ख्या भावाला पान चौऱ्याण्णववर मारलं. अकरा हजार प्रतींत.

'चौथा काटा' ही मालिका टीव्हीवर बावीस वर्षं चालली आहे. कप्तानाच्या घड्याळाला चौथा काटा असतो. तो फिरवला की त्याची आगबोट वाटेल त्या वर्षात जाते. मालिकेच्या कादंबऱ्याही निघतात, दर सहा महिन्यांनी एक, आणि त्या मी लिहितो. कव्हरवर मात्र एक भारदस्त नाव असतं. तो माणूस कधी जन्मलाच नाही. त्याच्या नावाने मी त्रेचाळीस पुस्तकं पाडली. शाळा आठवीत सुटली, लिहायला शिकलो ते रद्दीतली पुस्तकं वाचून. तेव्हा 'पाडली' म्हणायची मला लाज नाही.

दादा वॉशिंग कंपनीत बॉयलर सांभाळायचा. कप्तानाच्या बोटीवर मी एक बॉयलरवाला ठेवला तो दादाच. डोक्यावर तेलकट टोपी, पडक्या दाताच्या फटीतून शिट्टी, आणि काहीही सांगा, "होईल की, न व्हायला काय धाड भरलीय?" वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. दादा पुस्तक खिशात घालून कामावर जायचा. साहेबालाही दाखवायचा.

मग पुतणीच्या लग्नात कुणीतरी दादाला विचारलं, तुमचा धाकटा काय करतो? दादा चारचौघांत म्हणाला, "डोकं भाड्याने देतो. पाटी दुसऱ्याची." सगळे खो खो हसले. मीही हसलो. घरी आलो आणि सत्ताविसाव्या पुस्तकात बॉयलर फोडला.

दादाने ते वाचलं. आठ वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "भावोजी, यांची फुप्फुसं गेली. डॉक्टर आता आठवडे मोजतायत. तुम्हाला बोलावलंय."

दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याचा काटा तो स्वतःच वाचायचा, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

"आलास? बस. तिथे नको, नळीवर बसशील."

"कसा आहेस दादा?"

"मेलोय. तूच मारलंस. आता परत आण."

"अरे, ती गोष्ट आहे..."

"तुझा कप्तान बर्फात गाडलेला हत्ती परत आणतो. आख्खा हत्ती! मीच काय जड झालो रे तुला?"

वहिनी हसली आणि हसता हसता बाहेर निघून गेली.

"आणतो," मी म्हणालो. "याच पुस्तकात. तीन आठवड्यांत छापून हातात देतो."

त्याने काट्याकडे पाहिलं. "होईल की," म्हणाला. तेवढ्या दोन शब्दांना त्याला दोनदा थांबावं लागलं.

आता अडचण ऐका. आमच्या प्रकाशकाच्या कचेरीत एक वही आहे. कप्तान ज्या दिवसात एकदा जाऊन आला, तो दिवस वहीत लाल शाईने बंद होतो. तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही. नाहीतर कुणीही उठून कुणालाही वाचवेल आणि मरणाला किंमत राहणार नाही. हा नियम माझाच, पाचव्या पुस्तकातला. एका वाचकाने अडचणीचा प्रश्न विचारला होता, त्याचं तोंड बंद करायला केलेला. वही सांभाळणाऱ्या बाई लेखकांकडे परीक्षेतल्या मास्तरणीसारख्या बघतात.

"बॉयलर फुटला तो दिवस बंद आहे," बाई म्हणाल्या. "तुमचाच नियम. भोगा."

दोन रात्री मी माझंच जुनं पुस्तक चाळत बसलो. पान चौऱ्याण्णववर एक वाक्य होतं: वाफ निवल्यावर टोपी सापडली. फक्त टोपी! माणसाचं प्रेत मी लिहिलंच नव्हतं. रागाच्या भरातही हात आखडला होता. म्हणजे त्या दिवसात परत जायचं कारणच नाही. बॉयलरवाला तेव्हाच निसटला, भलत्याच वर्षात जाऊन पडला, आणि तिथल्या एका कारखान्यात बॉयलर पेटवत शिट्टी वाजवतोय. कप्तानाला नुसती शिट्टी ऐकू यायची खोटी.

चार पानं लिहिली. आयुष्यात एवढं बरं लिहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. "नियमात बसतंय. बेरकी आहात," म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

मग प्रकाशकाने बोलावलं.

"बॉयलरवाला मेलेलाच राहू दे," तो म्हणाला. "टीव्हीवाल्यांनी नवी पोरगी घेतलीय बॉयलरवर. लोकांना आवडतेय. दोन दोन कशाला?"

"चार पानं तर आहेत."

"तीच काढ. बरं, एक सांगू? बावीस वर्षं तू राबलास. या पुस्तकावर तुझं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात."

मी अडून बसू शकलो असतो. पुस्तक घेऊन घरी जातो, अशी धमकी देऊ शकलो असतो. ऐन वेळी त्याला दुसरा लिहिणारा मिळाला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. वाचणाऱ्याने माझी कीव करू नये म्हणून हे लिहून ठेवतो. प्रकाशकाने कव्हरचा नमुना समोर सरकवला. मी माझ्या नावावर बोट ठेवलं, शाई ओली आहे का बघायला. आणि चार पानं मी माझ्या हाताने काढली.

पुस्तक घेऊन दादाकडे गेलो. तो आणखी वाळला होता. कव्हरवर त्याने अंगठा फिरवला.

"नाव आलं?"

"आलं."

"छान." खरंच आनंद झाला होता त्याला. मग पानं उलटू लागला. अधूनमधून डोळे मिटून दम घ्यायचा, परत उलटायचा. शेवटच्या पानापर्यंत गेला.

"मी कुठाय?"

मी खिशातून टाइप केलेली चार पानं काढली. घडी उलगडून पुढे धरली. त्याने हात लावला नाही.

"मारलंस तेव्हा छापून मारलंस," दादा म्हणाला. "आणि जिवंत करतोस खिशातून?"

"पुढच्या पुस्तकात, दादा. शप्पथ."

"ते कधी?"

"सहा महिन्यांनी."

त्याने मान वळवून सिलिंडरचा काटा वाचला. तीस वर्षं बॉयलरचा काटा वाचला तसाच, शांतपणे.

"एवढी वाफ नाहीय," म्हणाला. मग दाराकडे बघून हाक मारली, "अगं, यांना चहा दे आणि सोड. लेखक आहेत ते."

नवव्या दिवशी तो गेला.

वाचकांची पत्रं आता माझ्या नावाने येतात. पहिलंच पत्र एका शाळामास्तरांचं होतं. फक्त टोपीच सापडली होती ना, मग बॉयलरवाला खरंच मेला का हो, असं त्यांनी विचारलं होतं.

मी उत्तर लिहिलं: हो. खाली सही केली, माझ्या स्वतःच्या नावाची.