सिमेंटचा सदरा

मी मातीची भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता. तोंडही असतं तर एका भल्या बाईची मान खाली गेली नसती. पण खरं सांगू? तोंड असतं तरी तेव्हा मी बोलले असते की नाही, याची मला खात्री नाही. लाज वाटते ती त्याचीच.

मला बांधणारी बाई पेशाने गवंडी. मातीची घरं बांधते. हे तिचं स्वतःचं घर, त्यामुळे काम देणारी माणसं आधी मला बघून जातात. अंगणातलीच माती खणून तिने आणि नवऱ्याने भुशासकट पायांनी तुडवली आणि दगडी जोत्यावर थरावर थर चढवून मला उभं केलं. नवरा शिंपी. चिखलात उतरताना त्याने विजार अशी काही जपून वर धरली होती की बाई हसून हसून खाली बसली.

मी पश्चिमेची भिंत, पावसाचा मारा माझ्यावर. म्हणून दर वर्षी मला बाहेरून मातीचा नवा हात द्यावा लागे. ते काम नवऱ्याकडे होतं. "वर्षाला एक नवा सदरा. फार नाही मागत बिचारी," असं तो म्हणायचा.

मी मात्र आतून कुढायचे. कुंभारमाश्या माझी माती उचलून घरटी बांधत, मुंग्या पायाशी बिळं करत. कुणी टेकलं की खांद्याला धूळ लागे आणि तो माणूस सदरा झटकत बाजूला होई. समोरच्या घराची सिमेंटची भिंत गुळगुळीत, टापटीप. तिच्याकडे बघून मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी बाई कामासाठी महिनाभर परगावी गेली. शिंप्याचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. त्याने बाहेरून मला बोटभर जाडीचं सिमेंट लावलं आणि वरून मातीचा पातळ हात फिरवला. "कुणाला कळणार आहे? पाच-सात वर्षांची निश्चिंती," असं तो माझ्याशीच बोलला. मी तर हरखूनच गेले. माश्या आल्या, तोंड आपटून परत गेल्या. बरी जिरली, असं मला वाटलं.

बाई परत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वा! हात बसला की हो तुमचा!" तो हसला आणि शिलाई मशीनवर वाकला. ते कौतुक आम्ही दोघांनी गुपचूप गिळलं.

माती ऋतूप्रमाणे फुगते, आकसते. सिमेंट हटवादी. त्याला बारीक चिरा पडल्या, त्यातून पाणी आत आलं. पूर्वी दोन दिवसांच्या उन्हात मी सुकायचे, आता ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती. मी पायाशी कुजत चालले. खोलीत डाग दिसू लागला, तेव्हा शिंप्याने तिथे कपाट सरकवलं.

गावातल्या शाळेच्या नव्या खोल्या मातीच्या बांधाव्यात म्हणून बाई दोन वर्षं खटपट करत होती. शेवटी मुख्याध्यापिका घर बघायला आल्या. बाई त्यांच्या हातात चहा देते न देते, तोच कपाटामागून मी ढासळले. कपाट कललं, चिखल फरशीवर पसरला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

"मुलांच्या जिवाशी खेळ नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बाईने वाद घातला नाही. "माझंच प्रमाण चुकलं असेल," असं म्हणाली. शिंपी हातातल्या कपाकडे बघत राहिला. मीही गप्पच. त्यानंतर आठ दिवस तिने थापीला हात लावला नाही. घर बांधायचंय म्हणून एक जोडपं आलं, त्यांना तिने दारातूनच सांगितलं, "दुसरं कुणी बघा. मला नाही जमत आता."

ते ऐकून शिंपी उठला. हातोडी घेऊन बाहेर आला आणि माझ्यावर मारली. टण! मातीची भिंत अशी वाजत नाही, ती धप्प आवाज करते. बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"हे काय आहे हिच्या अंगावर?"

"सिमेंट. मीच लावलं. गुडघे दुखायचे गं. तुझी माती नव्हती चुकली."

तिने सिमेंटमधली चीर बोटाने चाचपली. मग म्हणाली, "दुखतायत एवढं सांगायचंत ना. मी केलं असतं की हो!"

तो रडायला लागला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

त्याच दिवशी तो शाळेत गेला आणि मुख्याध्यापिकांना घेऊन आला. निघालेला सिमेंटचा पोपडा आणि त्याखालची ओली माती त्याने स्वतः दाखवली. त्यांनी माझ्यावर हात फिरवला.

"पटलं मला. पण शाळेच्या भिंतींना दर वर्षी हात कोण देणार?"

"मी देईन," शिंपी म्हणाला.

"आणि पुन्हा गुडघे दुखले तर?"

शिंप्याने एकदा बायकोकडे पाहिलं. "दुखले तर सांगेन."

सध्या एकच खोली बांधायचं ठरलंय. तीन पावसाळे बघून पुढचं. बाईची थापी पुन्हा कामाला लागलीय. सिमेंट काढल्यामुळे मी अर्धी उघडी उभी आहे. पायाशी नवी माती भरलीय. अंगातली ओल अजून गेलेली नाही, लाजही नाही. काल एक कुंभारमाशी येऊन चिमूटभर माती घेऊन गेली.

कधी इकडे आलात तर खुशाल टेका. सदऱ्याला धूळ लागेल, ती झटका. मला त्याचं काही वाटणार नाही.